नऊ प्रेक्षक

"मॅडम, नऊ जण होते. मी मोजले."

आमच्या मुलींच्या कबड्डी संघाची कर्णधार असं म्हणाली तेव्हा मी शिट्टी पर्समध्ये ठेवत होते. डिसेंबरमधल्या केंद्रस्तरीय स्पर्धा आमच्याच शाळेच्या मैदानावर झाल्या. मुलींचा अंतिम सामना आम्ही दोन गुणांनी जिंकला होता. मला वाटलं होतं पोरी नाचतील. तर ही प्रेक्षक मोजत बसलेली. वर म्हणाली, "त्यात तुम्ही एक. पण तुम्ही शिट्टीवाल्या, तुम्ही धरायच्या का?"

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, आधी कबुली देते. त्या दिवसाचं वेळापत्रक मीच लिहिलं होतं. सहा शाळा, एक मैदान, सकाळी साडेनऊ ते साडेचार. पाहुणे तीनला येणार म्हणून मुलांचा अंतिम सामना तीनला ठेवला. मुलींचा कुठं बसतो ते बघितलं, तर साडेबाराची जागा रिकामी दिसली. साडेबाराला पोषण आहाराची घंटा होते. सहा शाळांची पोरं ताटं घेऊन रांगेत, गुरुजी लोक रांग सांभाळायला, स्वयंपाकी मावशी वाढायला. मैदानावर राहिले चौदा खेळाडू, गुणलेखक आणि ते नऊ जण. हे लिहिताना माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही की मी काय करतेय. कागदावर चौकटी नीट भरल्या होत्या, एवढंच दिसत होतं.

खरं लागलं ते पुढं. तीनच्या सुमारास आमच्या डाव्या कोपरारक्षक मुलीची आई आली. कांद्याच्या खुरपणीवर होती, अर्धी हजेरी सोडून आली होती. हाताला माती तशीच. पोरीनं घरी सांगितलं होतं, "दुपारी हाय म्याच." दुपार म्हणजे आमच्याकडं जेवून थोडं आडवं झाल्यानंतरची. "मॅडम, झाली व्हय म्याच?" मी म्हणलं, "झाली, जिंकल्या पोरी." तर म्हणाली, "बरं झालं." आणि माघारी गेली नाही. बसली. मुलांची मॅच पूर्ण बघितली, टाळ्यापण वाजवल्या. अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून दुसऱ्यांच्या पोरांची मॅच.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिणार नाही, झोप लागली. पण दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात कर्णधारानं फळ्याच्या कोपऱ्यात "९" लिहून ठेवला होता, आणि तो मला पुसता येईना.

मग मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "प्रेक्षक कशानं येतात?"

पहिलं उत्तर आलं, "भारी टीम असली की." म्हणलं, मग तुम्हाला एक गोष्ट सांगते. २४ नोव्हेंबर २०२५, सोमवार. त्या दिवशी भारताच्या महिला संघानं ढाक्यात कबड्डीचा वर्ल्डकप जिंकला. अंतिम सामन्यात चायनीज तैपेईला ३५-२८ असं हरवलं. तुमच्यातल्या किती जणांनी बघितला? एकही हात वर आला नाही. माझाही नाही. मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. त्याआधीचा महिलांचा वर्ल्डकप कधी होता? मार्च २०१२, पाटण्याला. तिथं भारतानं इराणला २५-१९ असं हरवलं होतं. मध्ये १३ वर्षं गेली. आमच्या पाचवीच्या पोरी त्या वेळी जन्मल्यासुद्धा नव्हत्या. २०१२ ला विशीत असलेली खेळाडू दुसऱ्या वर्ल्डकपची वाट बघत बघत निवृत्त झाली असणार. म्हणजे टीम भारी असून भागत नाही. सामना कधी, कुठं आणि ठरलेल्या वेळेला पुन्हा होणार का, हे ज्याच्या हातात असतं त्याच्या हातात बरंच काही असतं. (हे वाक्य बोलताना माझा आवाज जरा खाली गेला, कारण आमच्या मैदानापुरती ती व्यक्ती मीच होते.)

पुरुषांचंही फार वेगळं नाही. २००४ ला मुंबईत, २००७ ला पनवेलला, आणि मग थेट २०१६ ला अहमदाबादेत. तिन्ही वेळा अंतिम सामना भारत-इराण, तिन्ही वेळा भारत जिंकला. २०२५ च्या मार्चमध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅम, कव्हेंट्री त्या भागात आणखी एक वर्ल्डकप झाला, पण तो दुसऱ्याच संघटनेचा. पोरांनी विचारलं, "दोन दोन वर्ल्डकप कसे?" मी म्हणलं, गावात दोन मंडळं असली की दोन गणपती बसतात तसं. पोरांना लगेच पटलं.

आता माझ्या चुलतभावाची गोष्ट मध्ये आणते. तो इंग्लंडात लीड्सला नोकरीला आहे. दिवाळीनंतर त्याचा फोन आला, "तायडे, मी इथं रग्बी लीगची मॅच बघून आलो. अगं, मोठी कबड्डीच ती!" त्यानं समजावलं ते असं. प्रत्येकी १३ खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरचे पकडून पाडतात. पकडलं की उठून पुन्हा खेळ सुरू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाला. आपल्याकडं चढाईपटू एकटा जातो आणि सात जण वाट बघतात, तिथं सगळेच चढाईला. त्यानं पाठवलेला व्हिडिओ वर्गात टीव्हीवर लावला तर पोरं "पकड! पकड!" ओरडायला लागली. शेजारच्या वर्गातले सर बघायला आले की काय चाललंय.

इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात तीन कसोट्यांची मालिका होती, अॅशेस म्हणतात तिलाही, क्रिकेटसारखंच. तब्बल २२ वर्षांनी होत होती. पहिली २५ ऑक्टोबरला लंडनच्या वेम्बलीवर, तिथं साठ हजारांवर माणूस. दुसरी १ नोव्हेंबरला लिव्हरपूलला, एका फुटबॉल क्लबच्या नव्या कोऱ्या मैदानावर, तिथं पन्नास हजारांवर. तिसरी ८ नोव्हेंबरला लीड्सच्या हेडिंग्लेवर, तिथं वीस हजारांच्या आतच. मी वर्गात हे तीन आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, काय दिसतं? सगळे म्हणाले, "कमी कमी झाले. इंग्लंड हरत होती म्हणून." हरत तर होतीच, पहिल्या दोन्ही हरल्यामुळं मालिका तिसरीआधीच गेली होती. पण भाऊ सांगत होता, हेडिंग्लेवर पाय ठेवायला जागा नव्हती. मैदानच तेवढं. लीड्सच्या आसपासचा सगळा मुलूख या खेळाचा. आपल्याकडं कुस्तीला कोल्हापूर तसं म्हणा.

इथं वर्गात वाद झाला आणि तो मी मुद्दाम मिटवला नाही. एका मुलाचं म्हणणं, तिसरीपण वेम्बलीलाच ठेवायची, जास्त माणूस आला असता. कर्णधाराचं म्हणणं, मोठ्या मांडवात थोडी माणसं असली की लग्न ओकंबोकं दिसतं. मला तिचं पटतं. पण मुलाचंही खोटं नाही. जिथं खेळ नाही तिथं नेलाच नाही तर तो तिथं वाढणार कसा? मोठी मैदानं शोधत फिरणाऱ्यांना हाच प्रश्न पडत असणार. आणि वेळेचा घोळ वेगळाच. इंग्लंडची दुपार म्हणजे ऑस्ट्रेलियाची रात्र. शिवाय दोन्ही देशांतले क्लबचे सामने संपल्याशिवाय देशाच्या संघाला खेळाडू मिळत नाहीत, म्हणून देशोदेशींचे सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरात ढकलले जातात. क्लबचं पोट भरलं की मग देश. आमच्याकडं ऊस तुटल्यावर लग्नं धरतात तसंच हे.

गर्दीचा अजून एक आकडा मी पोरांना सांगितला, कारण तो माझ्याच डोक्यातून जात नव्हता. १९५४ साली इंग्लंडात या खेळाच्या चॅलेंज कप नावाच्या स्पर्धेचा अंतिम सामना वेम्बलीवर ४-४ असा बरोबरीत सुटला. तो पुन्हा खेळवायचा ठरला ब्रॅडफर्डच्या ओडसल मैदानावर, ५ मे, बुधवारी संध्याकाळी. कामाचा दिवस! आणि नोंद झालेले प्रेक्षक १,०२,५६९. नोंद न झालेले वेगळे. हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टन हे दोन्ही संघ उत्तरेकडचे, हॅलिफॅक्स तर ब्रॅडफर्डच्या शेजारीच. मैदान जवळ, वेळ काम सुटल्यानंतरची, आणि मैदान वाडग्यासारखं खोलगट, त्यामुळं उतारावर मागं उभ्या असलेल्यालाही दिसतं. त्याच वर्षाच्या शेवटी फ्रान्समध्ये या खेळाचा पहिला वर्ल्डकप झाला. पॅरिसला अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटननं फ्रान्सला १६-१२ हरवलं, आणि त्याला प्रेक्षक तीस हजारांच्या आसपास. जगाचा कप आणि तीस हजार, जिल्ह्याचा म्हणावा असा कप आणि लाखाच्या वर! एक पोरगा म्हणाला, "मॅडम, बेलवाडीच्या रिंगणासारखं."

बरोबर बोलला. आमच्या भागातून तुकोबारायांची पालखी जाते. बारामती, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. बेलवाडीला पहिलं गोल रिंगण. तिथं तिकीट नाही, जाहिरात नाही. पण तिथी ठरलेली, जागा ठरलेली, आणि कोणी कुठं उभं राहायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मध्ये पालखी, मग अश्व धावायची मोकळी वाट, भोवती माणसं. आजी नातवाला खांद्यावर घेते कारण तिला माहीत असतं घोडा कुठून येणार. शेतातलं काम त्या दिवशी कोणी धरत नाही.

तर आता गणित. शाळेच्या मैदानावर फक्कीनं महिलांच्या कबड्डीचं मैदान आखलं, १२ मीटर बाय ८ मीटर. (पुरुषांचं १३ बाय १०.) चारी बाजूंनी २ मीटर जागा सोडून दोरी लावली. म्हणजे १६ बाय १२, परिमिती ५६ मीटर. एका माणसाला बसायला किती जागा लागते? पोरं ओळीनं मांडी घालून बसली, टेप लावली, साधारण अर्धा मीटर आलं. म्हणजे पहिल्या रांगेत ११२ जण. दुसरी रांग एक मीटर मागं, १८ बाय १४, परिमिती ६४, माणसं १२८. तिसरीत १४४. "मॅडम, सोळा सोळा वाढत्यात!" हे मी शिकवलं नाही, त्यांनी ओरडून मला सांगितलं. परिमितीचा हा धडा मी आधी तीन वर्षं आयताच्या चित्रावर घेतला होता, कुणी ओरडलं नव्हतं.

मग पोरांना रांगेत बसवून विचारलं, कुठून काय दिसतं? पहिल्या रांगेतून बोनस रेषेवर टेकलेला पाय दिसतो. चौथ्या रांगेतून पुढच्याचं डोकं दिसतं. म्हणून पहिली रांग मांडी घालून, दुसरी बाकांवर, तिसरी उभी. त्यापुढं नाही. रग्बी लीगचं मैदान १०० मीटर लांब, ६८ मीटर रुंद. क्षेत्रफळ काढलं, ६,८०० चौरस मीटर. पुरुष कबड्डीचं १३०. भागाकार केला तर एका रग्बीच्या मैदानात सुमारे ५२ कबड्डीची मैदानं बसतात. म्हणून आपला खेळ साठ हजारांच्या स्टेडियमात नेऊन उपयोग नाही, बोट लागलं की नाही ते कुणालाच दिसणार नाही. प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यात बालेवाडीला झाला तो बॅडमिंटन हॉलमध्येच. हरयाणा स्टीलर्सनं पाटणा पायरेट्सना ३२-२३ हरवलं. त्या महिन्यात मी एकदा बालेवाडीला गेले होते. सामने रात्री आठ आणि नऊला. टीव्हीसाठी सोयीचं. बारामतीत घरी पोचायला दोन वाजले आणि सकाळी शाळा. मी एकटी होते म्हणून जमलं, पोरींना घेऊन जायचं म्हणलं असतं तर एकाही घरातून परवानगी मिळाली नसती. आणि पोरांना हेही सांगितलं की करोनाच्या काळातला आठवा हंगाम सगळाच्या सगळा बंगळुरूत, प्रेक्षकांविना झाला होता. कर्णधार म्हणाली, "म्हणजे आमच्यापेक्षा नऊ कमी."

जागेचं झालं. वेळेचं काय? हे पोरांनी घरोघर विचारून आणायचं ठरलं. ३१ घरं. प्रश्न एकच, सामना ठेवला तर तुम्ही किती वाजता येऊ शकाल? मी नमुना दिला होता तो एका रकान्याचा, "घरचे". दुसऱ्या दिवशी अर्ध्या पोरांनी त्यात मधोमध रेघ मारून दोन रकाने केलेले. आई आणि वडील. "मॅडम, दोघांची उत्तरं येगळी येत्यात."

चित्रालेख काढला आणि मी गप्पच बसले. रात्री आठला १९ वडील, फक्त ५ आया. संध्याकाळी पाचला दोन्हीकडं कमी, कारण धारा आणि डेअरीची वेळ. दुपारी साडेबाराला, म्हणजे माझ्या वेळेला, ६ आया. तीनला थोड्या जास्त, पण बाजाराचा दिवस सोडून. एका घरानं लिहिलं होतं, "ज्या आठवड्यात दिवसाची लाईट असंल त्या आठवड्यात दिवसा जमणार नाय," कारण मोटर चालू करून पाणी धरायचं असतं. आणि सकाळी नऊ, पण फक्त २६ जानेवारीला, २२ आया आणि २० वडील. झेंडावंदनाला गाव येतंच.

पाच घरांचं उत्तर कुठल्याच चौकटीत बसलं नाही. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरची ती पाच पोरं. आईवडील पहाटे चारला फडात जातात, गाडी भरून कारखान्यावर खाली होईपर्यंत माघारी यायचा भरवसा नाही. गाळप चालू असताना २६ जानेवारी काय आणि दिवाळी काय. त्या पाचांतली एक आमच्या संघात आहे, उजवी मध्यरक्षक. तिनं कागद कोराच आणला. पोरांनी चित्रालेखात ती पाच घरं खाली वेगळी काढली, वेळ न लिहिता. मी काही सुचवलं नाही, मला सुचलंही नाही.

२६ जानेवारीला झेंडावंदन, कवायत, दोन भाषणं, आणि मग पाहुण्या शाळेविरुद्ध मुलींचा सामना, असं मुख्याध्यापकांना सांगितलं. सर म्हणाले, "भाषणं आधी की सामना आधी?" मी म्हणलं, सर, सामन्यानंतर भाषणं ठेवली तर पोरं नाही थांबायची, सामन्याआधी ठेवली तर सगळेच थांबतील. सर हसले. सरपंचांनीपण भाषण लहान केलं, त्यांना पुढची रांग पाहिजे होती.

मैदानाची दिशा पोरांनीच बदलायला लावली. सकाळी नऊला ऊन पूर्वेकडून तिरकं येतं, चढाईपटूच्या डोळ्यांवर येतं, म्हणून लांबी उत्तर-दक्षिण. एक लांब बाजू गुणलेखकाच्या टेबलाला. धूळ बसावी म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी मारलं. बाकं सातवीच्या वर्गातून काढली.

सामना आम्ही हरलो. चार गुणांनी. डिसेंबरमध्ये जिंकलेला संघ, घरच्या मैदानावर, गावासमोर हरला. शेवटच्या चढाईत कर्णधारच बाद झाली, घाई केली तिनं. एवढ्या माणसांची सवय नव्हती. पोरी रडल्या थोड्या. खुरपणीवाल्या आईनं डाव्या कोपरारक्षकाचं तोंड पदरानं पुसलं आणि म्हणाली, "ती दुसरी पकड चांगली झाली की गं." तिला दुसरी पकड आठवत होती! मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

उजव्या मध्यरक्षकाच्या घरचं कुणी आलं नव्हतं. तिचा खेळ भावानं, तो तिसरीत आहे, तिसऱ्या रांगेत बाकावर उभं राहून बघितला. आमच्या शाळेतल्या सरांनी तिच्या दोन पकडींचा व्हिडिओ काढून तिच्या वडिलांना पाठवला. त्यांनी तो कधी बघितला ते माहीत नाही. निळ्या टिका मात्र रात्री साडेअकराला आल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा ९ अजून होता. मी कर्णधाराला म्हणलं, आता पूस आणि कालचा आकडा लिही. तिनं आधी हिशेब मांडला. तीन बाजू, कारण चौथीला टेबल. पहिली रांग १२, १६ आणि १२ मीटर, म्हणजे ८० जण. दुसरी ८८. तिसरी ९६. एकूण २६४. मग खडू तसाच धरून थांबली.

"मॅडम, तिसऱ्या रांगेतली धा-बारा जणं मोबाईल बघत होती. ती धरू का?"